दारू सुटली, पोट का उतरेना?



या सदरात आपण एरवी बियाण्याचे, खताचे, गुराढोरांच्या चाऱ्याचे बोलतो. आज विषय जरा निराळा आहे. शेत कसणारा माणूसच धड नसेल तर सुधारित बियाणे घेऊन काय करायचे? म्हणून आज माणसाच्या पोटाविषयी बोलू.

निमित्त झाले एका वाचक भगिनीच्या पत्राचे. नाव-गाव छापू नये असे त्यांनी कळवले आहे, म्हणून छापत नाही. त्या लिहितात :

‘आमचे मालक चव्वेचाळीस वर्षांचे. बारा वर्षे रोज सांजच्याला एक क्वार्टर घेत होते. आषाढी एकादशीला माळ घातली आणि सोडली. तालुक्याच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या होत्या, त्यावर पहिले दिवस निभावले. आता तीन महिने होत आले, थेंब घेतलेला नाही. भूक लागते, जेवण जाते. पण पोट काही उतरत नाही. उलट गच्च वाटते म्हणतात. काट्यावर दोन किलो वजन वाढलेच. पारावर बसणारे म्हणतात, “माळ घातली न् पोट वाढलं, चोरून घेतोस का काय?” परवा घरी येऊन म्हणाले, “सोडूनही बोलणीच खायची, तर सोडली कशाला?” साहेब, मला त्या बोलण्याची भीती वाटते.’

या भगिनीची भीती खरी आहे. दारू सोडलेला माणूस मोठ्या मोहाने पुन्हा पितो असे नाही. पुष्कळदा तो असा कानकोंडा होऊन पितो. सोडल्यावर काय होईल याचा एक हिशोब त्याने मनाशी केलेला असतो. तो जुळला नाही की मन खचते. म्हणून हा हिशोब नीट मांडू. मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. जे लिहितो आहे ते माहितीसाठी. तपासणी आणि औषध डॉक्टरांचेच घ्यावे.

पोट एक, कारणे तीन

ओल्या लसूणघासावर ताव मारलेली गाय आपण पाहतो. पोट फुगते, डावी भकाळी वर येते, टिचकी मारली तर ढोलासारखी वाजते. गाभण गाईचेही पोट मोठे दिसते. जंत झालेल्या वासराचेही पोट मोठे दिसते, अंगावर मात्र मांस नसते. बाहेरून तिन्ही पोटे मोठी, म्हणून तिघांना एकच औषध कोणी पाजत नाही.

माणसाचेही तसेच आहे. दारू पिणाऱ्याचे आणि सोडलेल्याचे पोट मोठे दिसते, त्याला मुख्यतः तीन कारणे असतात : वारा, चरबी आणि पाणी. वारा काही आठवड्यांत हटतो. चरबीला महिने लागतात. पाण्याला मात्र घरचा उपाय नाही, तेथे दवाखानाच गाठावा लागतो. आपल्या पोटात यांतले काय आहे हे कळले की निम्मी काळजी सरते.

पहिला : वारा

दारूने जठराच्या आतल्या अस्तराला सूज येते. आम्लपित्त वाढते, आतड्यांची चाल बिघडते, आतड्यांत राहणाऱ्या उपयोगी जिवाणूंचाही समतोल ढळतो. वर्षानुवर्षे हे चालले असेल तर बाटली खाली ठेवली त्या दिवशी पोट ताळ्यावर येत नाही. कालव्याचे पाणी बंद केले म्हणून पाणथळ वावराला दुसऱ्या दिवशी वाफसा येतो का?

त्यात खाणे बदलते. पिण्याच्या दिवसांत रात्रीचे जेवण अर्धवट असायचे किंवा नसायचेच. आता भूक उघडते. माणूस रात्री उशिरा पोटभर जेवतो आणि लगेच आडवा होतो. संध्याकाळ रिकामी वाटते म्हणून चहावर चहा, शेव-फरसाण, भजी, सोड्याची बाटली. काहींना बद्धकोष्ठही होते. मग पोट गच्च वाटणे, ढेकर, गुरगुर हे सगळे आलेच.

वाऱ्याच्या पोटाची खूण अशी की ते सकाळी हलके आणि संध्याकाळी, जेवणानंतर फुगलेले असते. वारा सरला, शौचास साफ झाले की उतरते.

यावर उपाय साधे आहेत. रात्रीचे जेवण दिवेलागणीला, झोपण्याआधी दोन-तीन तास उरकावे. एकदम चार भाकरी खाण्यापेक्षा दिवसात तीन-चार वेळा थोडे थोडे खावे, चावून खावे. हरभरा, वाटाणा, मटकी भिजवून, ते पाणी ओतून देऊन, मऊ शिजवून खावी. ताक घ्यावे. पाणी भरपूर प्यावे. मात्र पायावर किंवा पोटात पाण्याची सूज असेल तर पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. जेवणानंतर आडवे न होता गावकुसापर्यंत एक फेरी मारावी. ओवा, हिंग घरात असतोच. त्याने बरे वाटत असेल तर जरूर वापरावा. पण खाण्याचा सोडा किंवा फसफसणारे चूर्ण रोज पाण्यात घालून पिऊ नये. त्यातही मिठासारखाच सोडियमचा अंश असतो आणि तो अंगात पाणी धरून ठेवतो.

एवढे करूनही महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही, तर घरी औषधे करीत बसू नये. तपासून घ्यावे.

दुसरी : चरबी

आता जरा आकडेमोड करू. दारू म्हणजे नुसते पाणी नव्हे. आपल्याच उसाच्या मळीतली साखर आंबवून मद्यार्क होतो आणि साखरेतली बरीच ऊर्जा त्यात उतरते. एक ग्रॅम साखरेत ४ उष्मांक असतात, एक ग्रॅम मद्यार्कात ७. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असेल, तर १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क येतो. म्हणजे झाले सव्वाचारशे उष्मांक. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी साधारण दोनशे उष्मांकांची धरा. रोजची क्वार्टर म्हणजे रोजच्या दोन भाकरी जास्तीच्या. पण भाकरीतली प्रथिने, जीवनसत्त्वे, लोह, चोथा यांतले दारूत काहीच नाही.

शिवाय दारू साठवून ठेवायला शरीरात कोठार नाही. म्हणून यकृत, म्हणजे आपले काळीज, बाकीची कामे बाजूला टाकून आधी दारूचा निकाल लावते. तोवर जेवणातली चरबी खर्ची पडत नाही, ती साठते. थोडी पोटावर, थोडी खुद्द यकृतात.

मग दारू सोडल्यावर हे दोन भाकरीचे उष्मांक वाचले, वजन उतरायलाच हवे, नाही का? येथेच हिशोब चुकतो. दारू सुटली की पुष्कळांना गोडाची ओढ लागते. मग दिवसाला आठ कप चहा, कपाला दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर साखर झाली ८० ग्रॅम, उष्मांक ३२०. वर येता-जाता गुळाचा खडा तोंडात टाकला, दिवसाचा २५ ग्रॅम धरा, त्याचे आणखी ९५. एकूण ४१५. दारूचे सव्वाचारशे गेले आणि चहा-गुळाचे सव्वाचारशे आले! वर भूक वाढली ती वेगळीच. काटा खाली यायचा कसा?

पण म्हणून सोडलेल्या माणसाचा पहिल्या महिन्यात गूळ काढून घेऊ नका. दारूची तलफ आली त्या घटकेला गुळाच्या खड्याने ती टळत असेल, तर तो खडा स्वस्तात पडला असे समजा. मधुमेह असेल त्याने मात्र डॉक्टरांना विचारावे. दोन-तीन महिने गेले, मन स्थिर झाले की मग चहा आठवरून चारवर, साखर दोन चमच्यांवरून एकावर आणावी. गुळाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, एखादा पेरू घ्यावा. सायंकाळी ज्या वेळेला गुत्त्याकडे पाय वळायचे, नेमक्या त्या वेळेला पाऊण तास झपझप चालावे. म्हणजे चरबीही झडते आणि ती अवघड वेळही टळते.

उपवासाने पोट उतरवू म्हणणाऱ्यांना एकच सांगणे : ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले बटाटे खाऊन चरबी उतरत नाही. आठवड्याला अर्धा किलो, महिन्याला दोन किलो वजन उतरले तर ते उत्तम समजावे. त्याहून घाई नको.

यकृतातली चरबी पोटावरच्या चरबीपेक्षा लवकर हटू लागते, हेही ध्यानात घ्यावे. केवळ चरबीच साठली असेल तर दारू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत यकृत सुधारू लागते. बाहेरून पोट तसेच दिसते, आत मात्र दुरुस्ती सुरू झालेली असते. सोनोग्राफीत आणि रक्ताच्या तपासणीत ती दिसते, पारावरच्या मंडळींना दिसत नाही.

तिसरे : पाणी

हा भाग घरातल्या सगळ्यांनी नीट वाचावा.

दारूने यकृत फार बिघडले, त्यावर व्रण होऊन ते कडक झाले, म्हणजे पोटात पाणी साठू लागते. याला जलोदर म्हणतात. दारू सोडल्यानंतरही हे उघडकीला येऊ शकते, कारण नुकसान आधीच झालेले असते. अशा वेळी ‘सोडल्यामुळे झाले’ असे म्हणणारे शहाणे भेटतात. त्यांचे ऐकू नये. प्यायचे थांबवले नसते तर ते याहून वाईट झाले असते.

खुणा अशा : पोट दिवसेंदिवस ताणत जाते, सकाळ-संध्याकाळ उतरत नाही. आडवे झाल्यावर दोन्ही कुशी बाहेर येतात. कधी बेंबी वर येते. हात-पाय, खांदे, गाल मात्र वाळत जातात. घोट्यावर बोट दाबले तर खड्डा पडतो आणि तो लवकर भरत नाही. डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. यांतले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

आणि रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, ताप आणि पोटदुखी, असंबद्ध बोलणे, दिवसा गुंगी आणि रात्री जाग, यांतले काही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

पाणी झालेल्या माणसाबाबत चार चुका घरोघर होतात. पहिली, मीठ तसेच चालू राहते. लोणचे, पापड, खारे दाणे, फरसाण बंद करावे आणि जेवणातले मीठ किती ते डॉक्टरांना विचारावे. दुसरी, अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून देतात. अशा पुष्कळ गोळ्या या आजारात मूत्रपिंडाला घातक ठरतात. तिसरी, काळजाचा आजार म्हणून डाळ, दूध, अंडी बंद करतात, उपवास करवतात. पूर्वी तसा सल्ला देतही असत. आज मात्र उलट सांगितले जाते. या माणसाला प्रथिने लागतात, आणि रात्रभर उपाशी राहू नये म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खाणे लागते. चौथी, झाडपाल्याचे कोणतेही औषध आणून पाजतात. आधीच जखमी यकृतावर असा प्रयोग करू नये.

वजन उतरले म्हणजे बरेच झाले असे नाही

आपल्याकडे दारूपायी लठ्ठ झालेले जितके दिसतात, तितकेच वाळलेलेही दिसतात. हाताच्या काड्या आणि पोट पुढे. अशा माणसाचे दारू सोडल्यावर वजन वाढले, दंडावर मांस आले, गाल भरले, तर ती आनंदाची गोष्ट आहे. त्याला बारीक करण्याच्या मागे लागू नये. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, शेंगदाणे, पालेभाजी, दूध आणि खात असल्यास अंडी त्याच्या ताटात पडू द्यावीत. दारूने ब-१ जीवनसत्त्वाची फार तूट पडते. ती भरून काढायला डॉक्टर गोळ्या-इंजेक्शने देतात, ती टाळू नयेत.

उलट जेवण चांगले असून वजन घटत चालले, फार तहान लागते, वारंवार लघवी होते, तर रक्तातली साखर तपासावी. दारूने स्वादुपिंड बिघडून मधुमेह होऊ शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप असेल तर थुंकी तपासावी. पिणाऱ्यांत क्षयरोगाचा धोका जास्त असतो. ही तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

मोजमाप कसे ठेवावे?

रोज काट्यावर उभे राहू नये. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी शौचाहून आल्यावर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन करावे. शिंप्याच्या टेपने बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, घेर मोजावा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा, असे आपल्या लोकांसाठी मानतात. दोन्ही आकडे वहीत लिहावेत. वजन तेच राहून घेर कमी झाला, तर चरबी जाऊन मांस आले असे बहुधा समजावे. घेर आणि वजन दोन्ही भराभर वाढले, तर पाण्याची शंका घ्यावी.

त्याच वहीत आणखी तीन रकाने आखावेत : झोप किती झाली, किती दिवस कामावर गेलो आणि दारूचे किती पैसे वाचले. पोटाचा रकाना हलायच्या आधी हे तीन रकाने हलतात.

अजून जे घेत आहेत त्यांच्यासाठी

हे वाचून कोणी उत्साहाने आजच बाटली फोडील, म्हणून सांगणे भाग आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी घरातच दारू बंद करणे धोक्याचे असते. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेले दिसू लागते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. यावर चांगली औषधे आहेत. आधी डॉक्टरांना भेटावे आणि त्यांच्या देखरेखीखाली सोडावी. घरच्यांनीही न सांगता चहात-आमटीत कसलीही पूड मिसळू नये. त्यावर दारू प्यायली गेली तर अनर्थ होऊ शकतो.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मंडळाच्या सभा आपल्या अनेक शहरांतून भरतात. तेथे फी नसते आणि नाव जाहीर होत नाही.

आता त्या भगिनीला

ताई, तुम्ही लिहिले त्यावरून भूक चांगली आहे आणि वजन थोडेच वाढले आहे. हे वारा आणि चहा-साखरेचे असण्याचा संभव अधिक. पण मी नुसत्या पत्रावरून निकाल देणार नाही. बारा वर्षे रोज दारू घेतलेल्या माणसाची एकदा रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी झालीच पाहिजे. या आठवड्यात दोघे मिळून ग्रामीण रुग्णालयात जा. घोट्यावर बोट दाबून पाहा, डोळे उजेडात पाहा. आजपासून रात्रीचे जेवण लवकर वाढा आणि जेवणानंतर त्यांच्याबरोबर तुम्हीही चालायला निघा. मालकांना हे पान वाचायला द्या. पोट उतरो न उतरो, तीन महिने म्हणजे जवळजवळ नव्वद क्वार्टर त्यांच्या पोटात गेल्या नाहीत, हे त्यांना आकड्यात दाखवा.

आणि पारावरच्या मंडळींना माझी विनंती. गावात कोणी दारू सोडली असेल तर त्याच्या पोटाकडे बोट दाखवू नका. चहाला बोलवा, त्यात साखर कमी घाला आणि विचारा, “यंदा रब्बीला काय पेरतोस?” एवढ्यानेही त्याचा एक दिवस निभावतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा शिवारात जाऊ आणि हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू.